हेडीसचं दुसरं आयुष्य

लूसिफर हे शत्रूचं महाकाय जहाज फुटलं आणि पृथ्वीकडे जाणारी वाट कायमची मिटली. १९९८ साली आलेल्या ‘डिसेंट: फ्रीस्पेस – द ग्रेट वॉर’ या अंतराळयुद्धाच्या खेळाचा हा शेवट. युद्ध जिंकलं, पण घर तुटलं. इतक्या पक्क्या शेवटानंतर काही महिन्यांतच त्याला जोडून ‘सायलेंट थ्रेट’ हा एक्स्पान्शन पॅक आला. मराठीत त्याला पुरवणी म्हणावं. आज पंचवीसहून अधिक वर्षांनी मागे वळून पाहताना मूळ खेळापेक्षा या पुरवणीचीच गोष्ट मला जास्त ओढून घेते.

खेळ घडवला होता अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन गावच्या ‘व्होलिशन’ने. माइक कुलस आणि मॅट टोश्लॉग यांची ‘पॅरॅलॅक्स’ ही कंपनी ‘डिसेंट’ गाजवून दोन भागांत विभागली, त्यातला कुलस यांचा भाग म्हणजे व्होलिशन. ‘फ्रीस्पेस’ नावाचं एक सॉफ्टवेअर आधीच बाजारात असल्याने पुढे ‘डिसेंट’ हे नाव लावावं लागलं. कथेशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मूळ खेळाची पकड कुठे होती, हे सांगितल्याशिवाय पुरवणीचं दुखणं कळणार नाही. चौदा वर्षं माणसं आणि वासुदन ही परग्रहवासी जमात एकमेकांशी लढत आहेत. त्या लढाईत तिसरा शत्रू उतरतो. त्यांच्या यानांवर निशाणा धरला तर यंत्र तो धरूनच ठेवत नाही; गोळ्या लागल्या तरी त्यांच्या ढाली त्या गिळून टाकतात. आपल्या यानाला ढाल नाही. पहिल्या काही मोहिमांत खेळणाऱ्याला खरोखर असहाय वाटतं, आणि पुढे ढालींचं तंत्र हाती लागतं तेव्हा ते बक्षीस वाटत नाही, तर कोंडलेला श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं. ऊर्जा शस्त्रांकडे वळवायची, ढालींकडे की इंजिनांकडे, हा निर्णय दर काही सेकंदांनी घ्यावा लागतो. या शत्रूला माणसांनी नाव दिलं ‘शिवान’, संहारकर्त्या शिवावरून. महाशिवरात्रीला बेल वाहणाऱ्या आणि भोळ्या शंकराची गाणी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे नाव क्षणभर अडखळायला लावतं. पण खेळात शिवान एक शब्दही बोलत नाहीत, ते का आले हे सांगत नाहीत. त्या मुक्या संहाराला हे नाव का सुचलं असेल, तेही खेळताना उमगतं.

‘सायलेंट थ्रेट’ची कल्पना याच भीतीतून निघालेली होती. युद्ध संपतं, शत्रूचं तंत्रज्ञान मात्र मागे उरतं, आणि माणसांचीच गुप्तचर यंत्रणा ते हाताशी धरून बंड करते. हेडीस नावाचं अजस्र जहाज गुपचूप बांधलं जातं. ज्यांच्या हुकमावर आपण उड्डाण करत होतो, त्यांच्यावरच बंदूक रोखायची वेळ येते. माझ्या मते ही कल्पना मूळ खेळाच्या तोडीची होती.

हातात आलं ते मात्र घाईतलं. परीक्षा संपायला दहा मिनिटं असताना पुरवणी जोडून लिहिलेलं उत्तर जसं असतं, मुद्दे सगळे बरोबर पण एकाचंही स्पष्टीकरण नाही, तसं. नवी यानं होती, नव्या मोहिमा होत्या. पण फितुरीचा संशय मनात मुरायला जो वेळ लागतो, तो कथेने दिलाच नाही. बंड झाल्याचं आपल्याला कळवलं जातं. ते घडताना दिसत नाही. आणि ज्या हेडीससाठी एवढा खटाटोप, ते शेवटी समोर येतं तेव्हा लूसिफरच्या सावलीतही बसत नाही. लूसिफर नुसतं समोर आलं तरी पोटात गोळा यायचा.

१९९९च्या सप्टेंबरमध्ये ‘फ्रीस्पेस २’ आला. त्याची कथा पहिल्या खेळातल्या महायुद्धानंतर बत्तीस वर्षांची. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला, खप मात्र निराशाजनक राहिला. त्या सुमारास अंतराळयुद्धाच्या खेळांची लाटच ओसरत होती. व्होलिशन दुसऱ्या खेळांकडे वळली. पण जाताना तिने एक मोठं काम केलं: २००२च्या एप्रिलमध्ये ‘फ्रीस्पेस २’चा सोर्स कोड खुला केला. मोहिमा रचण्याचं ‘फ्रेड’ हे साधन तर खेळणाऱ्यांना पहिल्या खेळासोबतच मिळालेलं होतं. कोड आणि साधन चाहत्यांच्या हाती एकत्र आल्यावर जे झालं, त्याचं नाव ‘फ्रीस्पेस ओपन’. चित्रं सुधारली, खेळ लिनक्स आणि मॅकवर चालू लागला, पहिल्या खेळाची सबंध कथा नव्या इंजिनावर आणली गेली. २०१२मध्ये त्याच पायावर ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या विश्वातला ‘डायस्पोरा’ हा स्वतंत्र खेळसुद्धा उभा राहिला.

आणि याच मंडळींनी ‘सायलेंट थ्रेट’ पुन्हा लिहायला घेतला. त्याचं नाव ‘सायलेंट थ्रेट: रीबॉर्न’. फसलेली पुरवणी विसरून जाणं सोपं होतं. मूळ मोहिमा नव्या इंजिनावर जशाच्या तशा आणून थांबणंही चाललं असतं. त्यांनी तिची कल्पना जपली आणि मांडणी मोडून नव्याने रचली. कटाचे धागे सुरुवातीपासून पेरले. कोणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न मोहिमेगणिक गडद होत जातो. हेडीसपर्यंत पोहोचेस्तोवर ते जहाज का बांधलं गेलं हे आपल्याला कळलेलं असतं, म्हणून त्याच्यावर गोळी झाडताना हात जड होतो. पैसा मिळणार नाही हे ठाऊक असूनही माणसांनी दुसऱ्याची अर्धवट राहिलेली गोष्ट इतक्या निष्ठेने पुरी केली, याचं मला अपार कौतुक वाटतं.

२०१३ साली व्होलिशनची मालक कंपनी ‘टीएचक्यू’च्या दिवाळखोरीनंतर ‘फ्रीस्पेस’ विकायला निघाला, तेव्हा खेळाची मूळ प्रकाशक कंपनी इंटरप्लेने तो ७,५०० डॉलरना घेतला. २०२३च्या ऑगस्टमध्ये व्होलिशनला टाळं लागलं. तिसरा भाग आला नाही. पृथ्वीची वाट अधिकृत कथेत अजून मिटलेलीच आहे.

कुणाला आज सुरुवात करायची असेल, तर १९९८चा ‘सायलेंट थ्रेट’ आधी खेळावा, कंटाळा आला तरी शेवटपर्यंत. मग ‘रीबॉर्न’ सुरू करावा. त्यातलं पहिलं ब्रीफिंग ऐकताना पुढे काय होणार हे ठाऊक असतं, आणि तरीही आपण यानाचं इंजिन चालू करतो.