लेखांक ४ : सोंगाड्याच्या हाती कॅमेरा

कृष्णा खंडेराव कोंडके, म्हणजेच दादा कोंडके, यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईत नायगावच्या गिरणगावी वस्तीत झाला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात त्यांना लोकनाट्याची गोडी लागली. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने त्यांचे नाव महाराष्ट्रभर केले. संहितेतला वग कायम ठेवायचा आणि समोरचा प्रेक्षक पाहून त्यात ताज्या राजकारणाच्या कोपरखळ्या पेरायच्या, ही त्यांची रीत. पुढच्या पटकथालेखनाची तालीम ती हीच.

भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून (१९६९) ते पडद्यावर आले. १९७१ मध्ये त्यांनी स्वतः ‘सोंगाड्या’ची निर्मिती केली. लेखन सबनीसांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे. दादरच्या ‘कोहिनूर’मध्ये या चित्रपटाला जागा मिळेना, तेव्हा शिवसेनेने हस्तक्षेप केला. भोळा नाम्या, त्याची करडी आये आणि तमाशातली नायिका हे त्रिकूट लोकांनी उचलून धरले. लोंबत्या नाडीची अर्धी चड्डी ही तर दादांची ओळखच झाली.

‘पांडू हवालदार’पासून (१९७५) दिग्दर्शनही त्यांनी हाती घेतले. संगीतकार राम-लक्ष्मण ही जोडी याच चित्रपटातून पुढे आली आणि अशोक सराफ यांनाही त्याने ओळख दिली. मग ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ असे चित्रपट ओळीने आले. निर्मिती, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका एकाच माणसाकडे आली. कथा आणि गाण्यांतही त्यांचा हात असे. उषा चव्हाण, रत्नमाला, गायक महेंद्र कपूर हा गोतावळाही बहुधा तोच राहिला.

या चित्रपटांची बांधणी वगाची आहे. कथानक बेताचे असते. ते पुढे सरकते सवाल-जवाबांनी आणि गाण्यांनी. कॅमेऱ्याची करामत फारशी नाही, सारी भिस्त शब्दफेकीच्या वेळेवर. बीडसारख्या जिल्ह्यांत पक्की चित्रपटगृहे मोठ्या गावांपुरतीच असत. आडगावचा प्रेक्षक सिनेमा पाही तो यात्रेतल्या तंबूत. तमाशाचे फडही यात्रेतच उतरत. फडावरच्या बतावणीला सरावलेल्या या प्रेक्षकाला दादांचा पडदा परका वाटला नाही.

द्वयर्थी संवादांमुळे सेन्सॉरशी त्यांचे खटके उडत. वरकरणी निरागस अर्थ दाखवून ते वाक्य सोडवून घेत. ‘तेरे मेरे बीच में’पासून (१९८४) त्यांनी हिंदीतही हा प्रयोग केला, पण मराठी बोलीवर बेतलेला विनोद तिथे तितका खुलला नाही. पुढे मराठीतही द्वयर्थाचे प्रमाण वाढले आणि ‘सोंगाड्या’तला भोळेपणा मागे पडला.

१४ मार्च १९९८ रोजी दादांचे निधन झाले. त्यांच्या सलग ९ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरा केला आणि त्या विक्रमाची दखल गिनीज बुकाने घेतली. दिग्दर्शक म्हणून दादांनी चित्रभाषेत नवी भर घातली नाही. मात्र लोकनाट्याला पडद्यावर हक्काची जागा आणि मराठी निर्मात्याला तिकीटबारीचा भरवसा त्यांनी मिळवून दिला.