गाणे पाठ आहे. पण ते रचले कोणी?

१४ एप्रिल जवळ आला की बारामती, इंदापूरकडच्या वस्त्यांमध्ये भीमगीते वाजू लागतात. उसाच्या फडातून, कंपनीच्या पाळीवरून दमून आलेला माणूसही ध्रुवपद कानी पडताच गुणगुणू लागतो. लहान मुलांनाही कडवी पाठ असतात. पण त्यांना विचारा, "बाळा, हे गाणे रचले कोणी?" ते गायकाचे नाव सांगतील. कवीचे नाव मात्र मोठ्यांनाही आठवत नाही.

आपल्याकडे स्वतः शब्द जुळवायचे, स्वतःच चाल लावायची आणि स्वतःच गायचे, ही परंपरा जुनी आहे. या परंपरेतले सर्वांत मोठे नाव म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. पोटासाठी ते मुंबईत आले. मिळेल ते काम केले, गिरणीतही राबले. अक्षरओळख झाली ती मोठेपणी. १९४३ पासून गाणी रचू लागलेला हा माणूस १५ मे २००४ रोजी निधन होईपर्यंत गाणेच जगला. बोलावणे आले की गावोगाव जायचे, समोर बसलेल्या कष्टकरी माणसाला कळेल अशा बोलीत गायचे, हाच त्यांचा संसार.

त्यांच्या गाण्याची ताकद कशात होती? ध्रुवपद छोटे आणि ठसठशीत. चाल अशी सोपी की दुसऱ्या वेळी समोरच्या बायाबापड्यांनी कोरस धरावा. कधी ओळखीच्या सिनेगीताची चाल घेतली, पण त्यात विचार आपला भरला. आणि शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफले. ती हौस नव्हती. ज्याच्याजवळ ना छापखाना, ना कंपनी, त्याने आपल्या गाण्यावर उमटवलेली ती सही होती. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या नामवंत गायकांच्या आवाजात ही गाणी घरोघर गेली. पण त्या एका शब्दामुळे कवीही त्यांच्याबरोबर गेला.

१९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि वस्तीतल्या साध्या गायकालाही दार उघडले. एक टेपरेकॉर्डर, हार्मोनियम, ढोलकी आणि साठ मिनिटांची कॅसेट एवढ्यावर काम भागे. मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी टेप चालू ठेवी. अशा कॅसेटवर कंपनीचा शिक्का नसे. पुष्कळदा कवीचे नावही नसे. आज त्या ट्रंकेत, माळ्यावर पडून आहेत. दमट हवेने फितीला बुरशी लागते, फीत चिकटते, आवाज विरतो. ती फीत गेली की तो कवीही गेला.

नाव जपले तर काय होते, याचे उदाहरण लांब शोधायला नको. पुण्याचे गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीच्या बायांच्या ओव्याही त्यांत आहेत. या बायांनीही शब्द आपलेच जुळवले होते. संग्राहकांनी ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव नोंदले. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे यांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या अशाच ध्वनिमुद्रित झाल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने २०१७ पासून हा ठेवा लोकांपुढे आणला. राधाबाईंचे नाव त्यामुळे टिकले. आपल्या वस्तीतल्या कवीचे का टिकू नये?

त्यासाठी पैसा लागत नाही. घरातल्या जुन्या कॅसेट खाली काढा. बुरशी दिसली तर लगेच वाजवू नका, जाणकाराला दाखवा. फीत सैल झाली असेल तर पेन्सिलीने हलक्या हाताने गुंडाळा. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. मग शांत खोलीत ती वाजवून मोबाईलवर उतरवून घ्या. साधन असेल तर तारेने संगणकावर घ्या. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. भगिनींनो, कॅसेट कुठे ठेवली आहे हे तुम्हालाच ठाऊक असते, तेव्हा सुरुवात तुम्हीच करा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. गाणे कोणाचे, चाल कोणाची, ढोलकीवर कोण होते, साल कोणते, हे विचारा आणि मुलांच्या वहीत लिहून ठेवा. कॅसेट पाच वर्षांनी कदाचित वाजेलही. पण सांगणारे आजोबा तेव्हा असतीलच असे नाही.

येत्या जयंतीला गाणे म्हणण्याआधी कवीचे नाव घ्या. ज्याने आपल्याला शब्द दिले, त्याचे तेवढे देणे आपण लागतो.