घिरट्या, गारठा आणि ग्लेन

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या विमानतळाला खेटून नासाचं एक संशोधन केंद्र आहे. तिथून आजवर एकही अंतराळवीर उडालेला नाही. तरी 1999मध्ये त्याला नाव मिळालं ते पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पहिल्या अमेरिकी माणसाचं, जॉन ग्लेन यांचं. ग्लेन ओहायोचे भूमिपुत्र आणि 24 वर्षं तिथले सिनेटर, हे झालं सरकारी कारण. आम्हाला दुसरंच पटतं: या जागेने त्यांना आधी भोवऱ्यासारखं गरगरवलं होतं!

झालं असं, की 1960च्या सुरुवातीला मर्क्युरी मोहिमेच्या सातही अंतराळवीरांना क्लीव्हलंडला बोलावण्यात आलं. तिथल्या जुन्या वाऱ्याच्या बोगद्यात एकात एक अडकवलेले तीन पिंजरे होते. मधल्या खुर्चीत माणसाला करकचून बांधायचं आणि तिन्ही दिशांना एकाच वेळी, मिनिटाला 30 फेऱ्यांपर्यंत फिरवायचं. मग बसलेल्याने हातातल्या दांड्याने नायट्रोजनचे फवारे सोडत हे गरगरणं स्वतःच थांबवायचं. जत्रेतल्या पाळण्यावर हौसेने बसणाऱ्यांनीही इथे हात जोडले असते. पण 20 फेब्रुवारी 1962 रोजी ग्लेन पृथ्वीभोवती फिरत असताना त्यांच्या फ्रेंडशिप 7 यानाची स्वयंचलित यंत्रणा पहिल्याच प्रदक्षिणेच्या अखेरीस रुसली आणि त्यांनी यान हाताने सांभाळलं. क्लीव्हलंडची ओकारी वाया गेली नाही म्हणायची.

त्या पिंजऱ्यात जेरी कॉब ही महिला वैमानिकही 1960मध्ये बसून आली होती. अंतराळात जायची संधी मात्र तिला मिळाली नाही. 1962मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे ग्लेन यांनी स्त्रिया या क्षेत्रात नाहीत, ही आपली समाजरचनाच आहे, अशा अर्थाची साक्ष दिली. थोर माणसाच्या सत्कारात असली पानं गाळायची पद्धत आहे. आम्ही गाळत नाही. 1998मध्ये ते पुन्हा अंतराळात गेले, तेव्हा सोबत जपानच्या डॉ. चिआकी मुकाई होत्या आणि त्यांची ती दुसरी अंतराळवारी होती.

डोळ्यांचा तक्ता आणि दुकानातला कॅमेरा

वजनरहित अवस्थेत डोळ्यांचा आकार बदलून दिसायचंच बंद झालं तर? डॉक्टरांना अशीही भीती होती. म्हणून फ्रेंडशिप 7मध्ये ग्लेन यांच्या समोर चष्म्याच्या दुकानात असतो तसा अक्षरांचा तक्ता चिकटवला होता, अगदी छोटा. फोटोंसाठीचा एक कॅमेरा तर त्यांनी फ्लोरिडातल्या कोको बीचच्या साध्या दुकानातून विकत घेतला होता. 4 तास 55 मिनिटांत तीन प्रदक्षिणा झाल्या. बाहेर काजव्यांसारखे चमकणारे कण दिसले, त्यांनी जगभर उत्सुकता पसरवली. तीनच महिन्यांनी स्कॉट कार्पेंटर यांनी यानाच्या दारावर आतून थापा मारल्या आणि उलगडा झाला: काजवे कसले, यानाला धरलेलं हिमच ते!

हिमाचं आणि क्लीव्हलंडचं नातं त्याहून जुनं. विमानाच्या पंखांवर बर्फ कसा साचतो, हे पाहण्यासाठी इथे 1944मध्ये एक गारठलेला बोगदा सुरू झाला. त्याची शीतयंत्रणा कॅरियर कंपनीने आखली; हो, एसीवाली कॅरियरच. तो बोगदा अजून चालू आहे.

पाच सेकंदांचं अंतराळ

या केंद्रातली आमची सगळ्यात आवडती जागा म्हणजे एक विहीर. पाणी नाही, हवाही नाही. हवा आधी पंपाने उपसून काढतात. मग प्रयोगाची पेटी वरून सोडून देतात. ती 132 मीटर पडते आणि तेवढ्या 5.18 सेकंदांत आतल्या वस्तूंना वजनच उरत नाही. तळाशी पोचताना वेग असतो ताशी सुमारे 180 किलोमीटर. झेलायला काय? थर्माकोलचे मणी! या पाच सेकंदांसाठी शास्त्रज्ञ तासन्‌तास तयारी करतात, कारण वजनरहित अवस्थेत ज्योत वर निमुळती होत नाही, गोल होते. अंतराळस्थानकात आग लागली तर ती कशी वागेल, याचा अंदाज इथे घेता येतो.

नामकरणाची गंमतही ऐका. 1948पासून या जागेला जॉर्ज लुईस या जुन्या संशोधन संचालकांचं नाव होतं. ग्लेन आले म्हणून लुईस यांना नारळ दिला नाही. पूर्ण नाव झालं ‘जॉन एच. ग्लेन रिसर्च सेंटर ॲट लुईस फील्ड’. नामांतराचे वाद पाहत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला ही तडजोड वेगळी समजवायला नको. केंद्राच्या सँडस्की शहराजवळच्या शाखेला 2021मध्ये नील आर्मस्ट्राँग यांचं नाव मिळालं. चाचणी वैमानिक म्हणून त्यांची 1955मधली पहिली नोकरी क्लीव्हलंडच्या याच केंद्रातली, अवघ्या काही महिन्यांची. या शाखेत जगातली सर्वांत मोठी निर्वात खोली आहे, 30 मीटर रुंद आणि 37 मीटर उंच. मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरच्या हवेच्या पिशव्या तिथे खडकांवर आपटून पाहिल्या. ‘अ‍ॅव्हेंजर्स’ सिनेमाचं चित्रीकरणही या शाखेत झालं, पण भाव खावा तो पिशव्यांनीच.

आणि केंद्राच्या नावावर टीव्हीचा एक एमी पुरस्कारसुद्धा आहे बरं का! कॅनडाच्या साथीने 1976मध्ये सोडलेल्या उपग्रहासाठी क्लीव्हलंडने इतका जोरकस ट्रान्समीटर बनवला, की जमिनीवर लहान थाळी पुरली. त्याबद्दल 1987मध्ये एमी मिळाला. गच्चीवरच्या डीटीएचच्या थाळीचं हे लांबचं आजोळ समजा.

उणे 253

खरी मर्दुमकी मात्र सेंटॉरची, म्हणजे द्रव हायड्रोजनवर चालणाऱ्या रॉकेटच्या वरच्या टप्प्याची. हायड्रोजन उणे 253 अंशांवर द्रव होतो. इंधन म्हणून झकास, पण स्वभावाने महा-खट्याळ. मे 1962मध्ये सेंटॉरचं पहिलं उड्डाण मिनिटभरातच स्फोटात संपलं. प्रकल्प गुंडाळायच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा तो क्लीव्हलंडच्या गळ्यात पडला. तिथल्या मंडळींनी तो नोव्हेंबर 1963मध्ये उडवून दाखवला. आपल्या जीएसएलव्हीने स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनावर यश मिळवलं जानेवारी 2014मध्ये. त्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळलेल्यांना ही मेहनत बरोबर कळेल. पुढे व्हायकिंग, दोन्ही व्हॉयेजर आणि कॅसिनी या यानांना सेंटॉरनेच रेटा दिला.

ग्लेन 1998मध्ये डिस्कव्हरीतून गेले तेव्हा 77 वर्षांचे होते. 2021मध्ये विल्यम शॅटनर हे नट नव्वदीत अंतराळाला शिवून आले, पण ती दहाएक मिनिटांची उडी होती. पृथ्वीची प्रदक्षिणा केलेल्यांत ज्येष्ठतेचा मान ग्लेन यांचाच. शॅटनर ज्यात बसले त्या रॉकेटचं नाव ‘न्यू शेपर्ड’, कारण ॲलन शेपर्ड यांनीही 1961मध्ये नुसती उडीच मारली होती. ‘न्यू शेपर्ड’ बनवणाऱ्याच कंपनीचं कक्षेत जाणारं रॉकेट आहे ‘न्यू ग्लेन’. जानेवारी 2025मध्ये ते पहिल्यांदा उडालं. त्याच्या वरच्या टप्प्यातलं इंधन? द्रव हायड्रोजन.