साडेचार गुंठ्यांवरचा पाऊस

रायगड जिल्ह्यातल्या शिवथरच्या खोऱ्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तरीही एप्रिल-मेमध्ये महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या कितीतरी वाड्या टँकरची वाट पाहतात. असं का? हा प्रश्न कुठल्याही एका विषयाच्या पेपरात बसत नाही. समस्याधारित शिक्षणाला असाच प्रश्न लागतो.

या पद्धतीत आधी प्रश्न येतो आणि त्याला लागेल तेवढा धडा नंतर. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ साली वैद्यकीय शिक्षण असं सुरू केलं. आपल्याकडे मुंबई आयआयटीच्या 'सितारा' केंद्राचे विद्यार्थी गावात राहून अभ्यास करतात. रायगडमधल्याच कर्जत तालुक्याच्या पाणी योजनांवर त्यांनी काम केलं आहे.

समजा, अभियांत्रिकीच्या पाच-सहा जणांच्या गटाला खोऱ्यातली २०० वस्तीची वाडी दिली. फळ्यावर तीन रकाने आखायचे: काय माहीत आहे, काय शोधायचं, कोण शोधणार.

आधी हिशेब. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे वाडीला ११,००० लिटर. फेब्रुवारी ते मे, १२० दिवसांचे १३ लाख २० हजार लिटर. तीन मीटर पावसाने एवढं पाणी ४४० चौरस मीटरवर, म्हणजे जेमतेम साडेचार गुंठ्यांवर पडतं! तेव्हा पाऊस कमी, हे उत्तर बाद.

मग पाणी जातं कुठे? इथे भूगर्भशास्त्र उघडावं लागतं. बेसॉल्टचा घट्ट कातळ पाणी मुरू देत नाही. भेगाळ, सच्छिद्र थरांत जे मुरतं ते उतारावर झऱ्यांवाटे निघून जातं. विहीर खाली नदीकाठी घ्यायची, तर पाणी ६० मीटर वर चढवायला पंप हवा. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली, तर रोज साडेतीन युनिटच्या वर वीज, महिन्याला शंभरेक युनिट. ते बिल पाणीपट्टीतून निघेल का, हे पाहायला ग्रामपंचायतीचं दप्तर वाचावं लागतं.

मार्गदर्शक उत्तर देत नाही, फक्त विचारतो, "मेमध्ये वाडीत माणसं किती?" गट घरोघर जातो, तेव्हा कळतं की एरवी बंद असलेली घरं मेमध्ये चाकरमान्यांनी भरतात. माणसं ४०० झाली, तर रोजची गरज २२,००० लिटर, तीही झरे आटलेले असताना. टाकीचं माप, पंपाचे तास, बिल, सगळं पुन्हा मांडायचं. हे माप समाजशास्त्राने बदललं, आणि विषय जोडले जातात ते इथे.

परीक्षाही तशीच हवी. अहवाल एकच, आणि टाकीचं माप काढणाऱ्याला पाणीपट्टीबद्दल विचारायचं, हिशेब लिहिणाऱ्याला कातळाबद्दल. जो तो आपल्यापुरतंच सांगू लागला, तर चार विषय एका फाइलीत नुसते लावले गेले, असं समजावं.