पेटी कोणाची, सूर कुठले?

वढू बुद्रुक म्हटले की संभाजी महाराजांची समाधी आणि फाल्गुन अमावास्येची गर्दी डोळ्यांपुढे येते. पण भीमेकाठच्या या पट्ट्यात, वढू असो, कोरेगाव असो की तुळापूर, भजनाला पेटी लागतेच. सप्ताह आला की ती बाहेर निघते, सप्ताह उठला की पुन्हा कपाटात. ही पेटी कुठली, कधीची, असे कोणा जाणत्याला विचारा. उत्तर ठरलेले : "जुनी हाय, आज्याच्या वेळची."

एवढ्यावर भागत नाही. कारण जुन्या पेटीला गिऱ्हाईक आहे. तेही खोक्याला नव्हे, आतल्या सुरांना. सूर म्हणजे पितळी रीड. भाता फाटला, पट्ट्या अडकू लागल्या की मंडळी नवी पेटी आणतात आणि जुनी बदलीत देऊन टाकतात. आपण काय दिले, हे कोणी उघडून बघत नाही.

मुळात हे वाद्य परक्या मुलखातले. पॅरिसच्या देबँ याने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हातभात्याची पेटी घडवण्याचे श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांना देतात. काळ १८७५ च्या पुढचा. तिथून ती नाटकात, भजनात, लग्नघरात सगळीकडे गेली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. गावच्या भजनाला मात्र या बंदीचा पत्ताही नसावा!

आता शोध कसा घ्यायचा? झाकणावरच्या नावाने फसू नये. ते नाव बहुधा दुकानदाराचे किंवा खोके जोडणाऱ्याचे असते. तरी पत्ता नीट वाचावा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. नुसते 'पुणे २' असेल तर पाटी बहुधा त्याआधीची. '४११ ००२' असेल तर नंतरची. इंग्रजीत 'पूना' असेल तरी जुनीच समजावी, 'बॉम्बे' असेल तर १९९५ च्या आधीची. ही झाली खोक्याची जन्मतारीख. सुरांची निराळी.

त्यासाठी वरची फळी काढावी लागते. पट्ट्यांखाली सुरांची ओळ दिसते. तिथे फळीवर किंवा पितळेवर शिक्का असतो. पॅरिसच्या कास्रिएलचे नाव निघाले किंवा 'जुबिलेट' हे जर्मन नाव निघाले, तर जपून. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले आणि जर्मनीचा माल थांबला, म्हणून असे सूर बहुधा त्याआधीचे. शिक्का नसेल तर सूर गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या पालिताण्याचेही असू शकतील. तिथे रीड घडवणे हा जुना धंदा आहे. ते कमी दर्जाचे, असे मुळीच नाही. आपल्याकडच्या कित्येक पेट्या याच सुरांवर बोलतात.

गंमत अशी की जुने सूर नव्या खोक्यात बसवता येतात आणि जुन्या खोक्यात नवेही. त्यामुळे एकच पेटी निम्मी पॅरिसची, निम्मी पुण्याची निघू शकते. सगळे सूर एका जातीचे आहेत का, पितळेचा रंग एकसारखा आहे का, स्क्रूंच्या खाचा झिजल्या आहेत का, हे बघावे. खाच ताजी चमकत असेल तर तिथे नुकताच कोणाचा तरी हात लागलेला आहे. आत पेन्सिलीने लिहिलेली दुरुस्तीची तारीख सापडली तर पुसू नये.

पितळ घासून चकचकीत करण्याचा उत्साह मात्र नको. रिडाची जीभ जराशी जरी खरवडली तरी सूर चढतो किंवा उतरतो.

पेटी दुरुस्तीला देण्याआधी सुरांच्या ओळींचे मोबाईलवर फोटो काढावेत, शिक्के वाचता येतील असे, आणि ते मंडळाच्या वहीत चिकटवावेत. पेटी परत आली की पैसे देण्याआधी फळी पुन्हा उघडून पडताळावी.