रक्त वाहतंय? दाबून धरा!

आजचा विषय जरा अंगावर येणारा आहे, पण पाच मिनिटं ऐका.

रक्तदानाला गेलो की आपल्याकडून ४७० मिलिलिटर रक्त घेतात. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर असतं, म्हणजे दहावा हिस्साही गेला नाही. सरबत-बिस्किट घेऊन आपण चालत घरी येतो. दोन लिटर गेलं तर मात्र जिवावर बेततं.

या दोन्हींच्या मधे शरीर तूट झाकत राहतं. हृदय जोरात धावतं, कातडीच्या आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, उरलेलं रक्त मेंदू-हृदयाकडे वळतं. रक्तदाब बराच वेळ ठीक दिसतो. मी आयटीतला माणूस. आमच्याकडेही डॅशबोर्ड हिरवागार असतो आणि पाच मिनिटांत सर्व्हर बसतो! तेव्हा जखमी माणूस "मी ठीक आहे" म्हणाला तरी निर्धास्त होऊ नका. चेहरा पांढराफटक, गार घाम, धाप, जीव घाबरा होणं, असंबद्ध बोलणं ही खरी लक्षणं. पुढे पेशींना ऑक्सिजन पुरत नाही, अंग गार पडतं, आणि गार पडलेलं रक्त नीट गोठत नाही. म्हणजे रक्तस्राव आणखी वाढतो. म्हणून अंगावर पांघरूण घालायचं.

मांडीतली मोठी धमनी तुटली तर हे सगळं काही मिनिटांत उरकतं. ॲम्ब्युलन्स यायच्या आत जे करायचं ते शेजारी उभ्या असलेल्यानेच.

९९९ लावा, फोन स्पीकरवर ठेवा. टॉवेल, ओढणी, टी-शर्ट, जे हाताशी असेल ते जखमेवर ठेवून कोपर ताठ करून सगळ्या वजनाने दाबा. हळद शोधत बसू नका. थांबलं का हे बघायला कापड उचलू नका. चाकू किंवा काच रुतली असेल तर उपसू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा. माणसाला आडवं करा. त्याला तहान लागेल, आपला हात पाण्याकडे जाईल, पण पाजायचं नाही.

कुत्र्या-मांजरांनाही हाच नियम. चार किलोच्या मांजरात जेमतेम पाव लिटर रक्त असतं, त्यामुळे आपल्याला थोडंसं वाटणारं तिला फार असतं. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर जखम दाबून धरूनच व्हेटकडे न्या.

दाबल्याने वेळ मिळतो, गेलेलं रक्त मात्र दुसऱ्या कुणाचं तरी द्यावं लागतं. आपलं साउथमीड हॉस्पिटल त्या कामात जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराचा रक्तपुरवठा डेपो इथेच होता, लायनेल व्हिटबी यांच्या हाताखाली. आसपासच्या गावांतल्या लोकांनी दिलेलं रक्त इथून आघाडीवर जायचं. आज याच साउथमीडमध्ये आपल्या भागाचं मेजर ट्रॉमा सेंटर आहे, आणि दान केलेल्या रक्तावर प्रक्रिया होते ती पलीकडे फिल्टनला.