बाजारतळ नसलेली उपनगरे

कोथिंबीर काढायची ती उन्हे कलल्यावर. भर दुपारी उपटली तर जुडी बांधेपर्यंत मान टाकते, आणि ओली बांधली तर सकाळपर्यंत आतून सडते. शनिवारच्या बाजारासाठी पुरंदर, जुन्नर, मावळातल्या शेतांत शुक्रवारी संध्याकाळी जी लगबग दिसते, ती या हिशेबाची असते. मेथी-शेपूच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली जातात. भेंडी-गवारीची तोडणी दुसऱ्या दिवशी पहाटे होते, कारण कोवळेपणावरच त्यांचा भाव ठरतो. मग पाच-सहा घरांचा माल एका टेम्पोत भरला जातो आणि कोथरूड, बाणेर, वाकड, हडपसर अशा पुण्याच्या उपनगरांतल्या एखाद्या मोकळ्या भूखंडावर तंबू ठोकले जातात. रात्री तंबू उतरले की तिथे बाजार भरला होता, हे दुसऱ्या दिवशी सांगूनही पटू नये.

शनिवार-रविवारच्या या बाजारांत मी हिंडते ती भाजी घेण्यासाठी तर खरीच, पण तेवढ्यासाठी नाही. पुण्याचे उपनगर आणि त्याला खाऊ घालणारे तालुके समोरासमोर येतात, अशा फार थोड्या जागा आता उरल्या आहेत. हा बाजार त्यांतली एक आहे आणि तिचे पाय अजून जमिनीला लागलेले नाहीत.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगते. राज्याचा कृषी उत्पन्न बाजार कायदा 1963 चा. शेतकऱ्याने आपला माल बाजार समितीच्या आवारात आणायचा, तिथे अडत्यामार्फत लिलाव व्हायचा, ही रीत त्याने घालून दिली. मापात आणि व्यवहारात होणारी लूट थांबावी हा तिचा हेतू होता आणि सुरुवातीच्या काळात तिने शेतकऱ्याला आधारही दिला. पण पुढे अडत, हमाली, तोलाई अशी कपात होत होत शेतकऱ्याच्या हाती येणारी पट्टी आखडत गेली. 2016 च्या जुलैमध्ये सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला, म्हणजे आवाराबाहेर तो कोणालाही विकायला शेतकरी मोकळा झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत विधान भवनाच्या आवारात शेतकरी आठवडी बाजाराचे उद्घाटन झाले आणि राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या या उपक्रमाला संत सावता माळी यांचे नाव मिळाले. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणच्या या संताने मळ्यातल्या कामातच विठ्ठल पाहिला. भाजीच्या बाजाराला याहून जवळचे नाव सुचणे कठीण होते.

मधल्या साखळीत किती जाते? रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधल्या एका अभ्यासानुसार ग्राहक मोजतो त्या रुपयातले टोमॅटोच्या शेतकऱ्याला सुमारे 33 पैसे मिळतात, कांद्याच्या 36 आणि बटाट्याच्या 37. उरलेले सगळे कोणी खिशात घालते असे नाही. वाहतूक, हाताळणी, सडणारा माल, दुकानाचे भाडे हे खर्च खरेच असतात. आठवडी बाजारातही ते टळत नाहीत. टेम्पोचे भाडे, तंबूचा वाटा, दिवसभर बसणाऱ्या माणसाची मजुरी शेतकऱ्यालाच सोसावी लागते. फरक एवढाच की आपल्या मालाचा भाव पहाटे दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी तो स्वतः सांगतो. माझ्या मते ही गोष्ट पैशाइतकीच मोठी आहे.

तरी शेतकऱ्याने थेट विकावे हे म्हणणे सोपे आणि करणे अवघड. साधे गणित मांडून पाहा. टोमॅटोची 20 कॅरेट आणली आणि एका कॅरेटमध्ये 20 किलो धरले, तर 400 किलो माल झाला. एका घराने दोन किलो घेतले तरी चार तासांत 200 घरे याच एका ओट्यापाशी थांबायला हवीत. तसे होत नाही. म्हणून एकरभर टोमॅटो लावणाऱ्याला लिलावाशिवाय आजही पर्याय नाही आणि आठवडी बाजाराने बाजार समिती संपेल असे ज्यांना वाटले त्यांनी हे गणित केले नव्हते. पुणे बाजार समितीच्या मांजरी उपबाजारात शेतकरी किरकोळ विक्रेत्यांना थेट माल देतात. मोठ्या मालासाठी असा मधला रस्ता जास्त उपयोगी ठरतो.

आठवडी बाजार चालतो तो वेगळ्या शेतीवर. दहा-दहा गुंठ्यांत चार-पाच पिके, गटातल्या प्रत्येक घराकडे वेगळी भाजी, आणि सगळ्यांचा मिळून भरलेला एक ओटा. इथेच या बाजाराने पुण्याच्या स्वयंपाकघरावर उपकार केले आहेत. आंबट चुका, चाकवत, घोळ, अंबाडी, तांदुळजा या भाज्या लिलावात फारशा शोभत नाहीत, कारण त्या थोड्याच येतात. मोठ्या मंडईत त्यांना जागा नाही आणि मॉलच्या थंड फडताळावर त्या टिकत नाहीत. बांधावर उगवलेली घोळ चार जुड्या निघाली तरी इथे मात्र ती विकली जाते. घेणारी तरुण मुलगी विचारते, ही करायची कशी? ओट्यामागच्या मावशी जुडी सोडून दाखवतात : कोवळा देठ घ्यायचा, जून टाकायचा, मुगाची डाळ भिजवून घालायची, फोडणीला लसूण सढळ हाताने. मागचे गिऱ्हाईक खोळंबते आणि तेही ऐकत राहते. भाजीची ओळख आईकडून लेकीकडे जायची ती वाट नोकरीपायी आणि स्थलांतरात मोडली. ती इथे पुन्हा जुळताना मी पाहते आणि मला फार बरे वाटते.

भाजीशेजारी मावळातला इंद्रायणी तांदूळ असतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 मध्ये आलेला हा वाण आज पुणेकरांना पिढ्यान्‌पिढ्यांचा वाटतो. मुळशीचा आंबेमोहोर मिळतो, पण जपून घ्यावा, कारण त्या नावावर दुसराच बारीक तांदूळ खपवला जातो. हंगामात पुरंदरची अंजिरे आणि सीताफळे येतात. बचत गटांच्या बायका कुरडया, सांडगे, थालिपिठाची भाजणी घेऊन बसतात. आणि काही ओट्यांवर भर उन्हाळ्यात चकचकीत सफरचंदे दिसतात. ती पुणे जिल्ह्यात पिकत नाहीत हे सांगायला सातबारा लागत नाही. शेतकऱ्याच्या नावाखाली मार्केट यार्डातून माल उचलून बसणारे विक्रेते ही या बाजारांची खरी दुखरी बाजू आहे. त्यांच्यामुळे खरा शेतकरी भावात मागे पडतो आणि गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो. यावर उपाय एकच. भरवणाऱ्या गटाने शेतावर जाऊन पीक पाहिले पाहिजे.

आता जागेकडे येते, कारण सगळे शेवटी तिथेच अडते.

गावचा आठवडी बाजार दोन गोष्टींवर उभा असतो. एक ठरलेला वार आणि एक ठरलेली जमीन. चाकणचा शनिवार, बेल्ह्याचा सोमवार हे वार पंचक्रोशीत कोणाला विचारावे लागत नाहीत. शेजारच्या गावांचे वार वेगवेगळे असल्याने कापडवाला, भांडीवाला, मिरची-मसालेवाला आठवडाभर फिरता राहतो. जमीन म्हणजे बाजारतळ. तिथे पक्के बांधकाम नसते. एखादे लिंबाचे झाड, पाण्याची सोय, फार तर सिमेंटचे ओटे. बाजाराच्या दिवशी पाल पडतात आणि एरवी पोरे क्रिकेट खेळतात, जत्रेत तमाशाचा फड लागतो, निवडणुकीत सभा होते. आठवड्यातले सहा दिवस मोकळी राहणारी जमीन गावाने कधी वाया गेलेली मानली नाही.

शहराने मात्र बाजार म्हणजे इमारत असे ठरवून टाकले. पुण्यात पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भाजी बसे. 1886 मध्ये शुक्रवार पेठेत नवी मंडई उभी राहिली आणि गव्हर्नर रे यांचे नाव तिला दिले गेले. त्या आधी नगरपालिकेत जोतीराव फुले यांनी मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालायला विरोध केला होता. गोरगरिबांच्या शिक्षणाची गरज त्यांना आधीची वाटत होती. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले. इमारत देखणी आहे आणि तिने शहराला शतकाहून अधिक काळ जेवू घातले, याबद्दल वाद नाही. पण भाजीबाजार म्हणजे छप्पर, गाळे आणि परवाने, ही समजूत त्यानंतर पक्की झाली.

पुढे पुणे पसरले. 1997, 2017 आणि 2021 मध्ये आजूबाजूची गावे टप्प्याटप्प्याने महापालिकेत आली. गावाबरोबर गावची मोकळी जागा आली, पण तिचा वापर आला नाही. विकास आराखड्यात मंडईसाठी आरक्षण टाकले जाते आणि त्यावर बहुधा मजली इमारत बांधली जाते. भाजी घ्यायला जिना कोण चढतो? वरचे गाळे ओस पडतात आणि खाली रस्त्यावर हातगाड्या लागतात. आठवडी बाजार तर या आराखड्यात कुठेच बसत नाही. तो भरतो उधारीच्या जमिनीवर : एखाद्या संस्थेचे मैदान, बांधकाम सुरू व्हायचा राहिलेला खासगी प्लॉट, वाहनतळाचा कोपरा. बांधकाम सुरू झाले की बाजार उठतो. दोन वर्षांत जमलेले गिऱ्हाईक दोन आठवड्यांत पांगते.

दक्षिणेतल्या राज्यांनी हे आधी ओळखले होते. 1999 मध्ये तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात रयतु बाजार आणि तमिळनाडूत उळवर संदै सुरू झाले. दोन्हीकडे सरकारने आधी जमीन दिली. शेतकऱ्याला ओळखपत्र आणि रोजच्या भावाचा फलक ही सोय नंतरची. हैदराबादच्या एर्रागड्डा, कुकटपल्ली या भागांतले रयतु बाजार आज त्या वस्त्यांच्या ओळखीच्या खुणा झाले आहेत. तमिळनाडूत सरकार बदलले तेव्हा या बाजारांची आबाळ झाली, पण जागा होत्या म्हणून ते पुन्हा उभे करता आले.

आपल्याकडे पथविक्रेत्यांचा 2014 चा केंद्रीय कायदा आहे. लोक पूर्वापार जिथे खरेदी-विक्री करत आले त्या नैसर्गिक बाजाराला त्यात स्थान आहे आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत अशी तरतूद आहे. कायदा चांगला आहे. मात्र प्रमाणपत्र घेताना विक्रेत्याला उपजीविकेचे दुसरे साधन नसल्याचे लिहून द्यावे लागते. आठवड्यातून एकदा येणाऱ्या शेतकऱ्याचे पहिले साधन शेती असते. म्हणजे तो तिथेही बसत नाही.

आणि जिला कुठल्याच योजनेत जागा नाही, ती बाजाराच्या तोंडाशी फुटपाथवर बसते. मुळशीतून किंवा राजगड तालुक्यातून पहाटेच्या एसटीने आलेली बाई. मे महिन्यात तिच्या पाटीत करवंदे, जांभळे, आळव असतात, पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी. तिच्याकडे गट नाही, तंबूचे भाडे नाही, पुष्कळदा नावावर जमीनही नाही. वजनकाटाही नसतो, पानावर वाटे लावलेले असतात. एवढ्या मोठ्या बाजारात रानाची पारख असलेली ती बहुधा एकटीच. भारंगीची पाने कशी उकडून, पाणी टाकून घ्यायची हे ती सांगते, तेही अतिक्रमण विभागाची गाडी येते का याकडे एक डोळा ठेवून. तिला आत सावलीत बसवून घ्यायला कोणाचे काय जाते, हे मला अजून कळलेले नाही.

बाजारतळाला लागणारे सामान फार नाही. सपाट, निचऱ्याची जमीन, पाण्याचा नळ, दिवे, टेम्पो उभे करायला कडेची जागा, ओल्या कचऱ्याची रोजच्या रोज उचल. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह, ज्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. पहाटे घर सोडून रात्री परतणारी शेतकरी बाई दिवसभर पाणी प्यायचे टाळते, कारण नंतर जायचे कुठे हा प्रश्न असतो. मोठ्या गृहप्रकल्पांच्या आराखड्यात ॲमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठीची जागा, सोडावी लागते. प्रत्येक उपनगरात त्यातला एक तुकडा बांधकामाविना राखावा आणि त्यावर बाजाराचा वार लिहून ठेवावा. उरलेले दिवस मुलांना खेळू द्यावे. शाळांची मैदाने रविवारी मोकळी असतात, तीही वापरता येतील.

परवानगी महिन्या-दोन महिन्यांची नको, निदान पाच वर्षांची हवी, आणि यामागे शेतीचे कारण आहे. पुढच्या हंगामात जागा असेल की नाही हे ठाऊक नसते तेव्हा शेतकरी मेथी-कोथिंबीर लावतो, कारण ती महिना-दीड महिन्यात हाती येते. सगळ्यांनी तीच लावली की सगळ्यांच्याच ओट्यावर तीच दिसते आणि भाव पडतो. शेवग्याला सहा-आठ महिने थांबावे लागते, अंजिराला दोन-तीन वर्षे, लिंबाला त्याहून जास्त. जागेची खात्री असेल तरच तो बांधावर चार लिंबे लावील.